नकाशा मंजूर होण्याआधी

(शाळा व्यवस्थापन समित्यांवर काम करणाऱ्या बायांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर.)



सकाळपासून आपण गळतीबद्दल बोलतो आहोत. सरकारी कागदात गळती हा शब्द दोन ठिकाणी येतो. शाळेचं छप्पर गळतं तीही गळती, आणि मुली शाळा सोडतात तीही गळती. पहिल्या गळतीचा कागद बांधकाम विभागाकडे जातो, दुसरीचा शिक्षण विभागाकडे. दोन्ही कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले मी अजून पाहिलेले नाहीत. मला आज एवढंच सांगायचं आहे, की या दोन गळत्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्या जिथे जोडल्या जातात ती जागा म्हणजे मंजुरीला जाणारा शाळेचा नकाशा. आणि त्या जागी आपण बाया हजर नसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून जे झालं ते आधी सांगते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवीची. खोल्या पाच, त्यातल्या दोन धोकादायक. भिंतीला हात जाईल एवढी भेग, वासे वाळवीने पोखरलेले. त्या दोन खोल्यांना कुलूप लावलेलं आणि दोन वर्ग व्हरांड्यात. पाऊस आला की व्हरांड्यातली मुलं उरलेल्या तीन खोल्यांत कोंबायची. नव्या खोल्यांचा ठराव 2014 साली झाला आणि तीन वर्षं तो कुठल्यातरी कपाटात पडून राहिला. मग 2017 च्या ऑगस्टमध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात निंबोडी गावच्या शाळेचं छत पावसात कोसळलं आणि तीन मुलं गेली. त्यानंतर आमच्याकडेही धोकादायक खोल्यांची मोजणी सुरू झाली आणि आमची फाइल हलली. तिकडे लेकरं गेली तेव्हा इकडचा कागद पुढे सरकला, हे मला आजही आठवतं आणि बरं वाटत नाही.

मी तेव्हा समितीची अध्यक्ष होते. 2018 च्या फेब्रुवारीत हेडगुरुजींचा निरोप आला, ताई, खोल्या मंजूर झाल्या, सहीला या. मी रानातून तशीच गेले. टेबलावर घडी घातलेला नकाशा होता आणि शेजारी ठरावाची वही. वहीत लिहिलेलं होतं, ‘सोबतच्या नकाशाप्रमाणे काम करण्यास समितीची हरकत नाही.’ मी सही केली. पेढे वाटले. नकाशाची घडी उघडली नाही. उघडून मला काय कळणार, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर दोन खोल्या मिळतायत एवढ्या आनंदात असताना साहेबांसमोर कागद उलटसुलट करून बघणं मला वाईट दिसेल असं वाटलं.

त्या घडीत काय होतं ते जून महिन्यात कळलं. नव्या खोल्यांची जागा जुन्या संडास-मुताऱ्यांवर आखलेली होती. ठेकेदाराने पहिल्या दिवशी त्याच पाडल्या. मी धावत गेले, विचारलं, नव्या कधी बांधणार? तो म्हणाला, ताई, माझ्या कामात त्या नाहीतच. नंतर कागद काढून पाहिले. पहिल्या अंदाजपत्रकात मुलींचं स्वच्छतागृह होतं. रक्कम मंजूर मर्यादेपेक्षा जास्त झाली म्हणून ते वगळलं, आणि शेरा मारला, ‘स्वच्छतागृहाचे काम अन्य योजनेतून प्रस्तावित करावे.’ पाडायचं या योजनेतून, बांधायचं दुसऱ्या योजनेतून. मधले चौदा महिने कुठल्याच योजनेत नव्हते.

त्या चौदा महिन्यांत मुली कुठे गेल्या असतील? उरलेल्या जुन्या धोकादायक भिंतीच्या मागे. म्हणजे ज्या भिंतीखाली मुलं सापडू नयेत म्हणून सारा खटाटोप केला, त्याच भिंतीच्या आडोशाला मुली बसायच्या. मोठ्या मुली तिथेही जायच्या नाहीत. सकाळी घरून निघताना पाणी प्यायच्या नाहीत आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्या तोंडाला लावायच्या. सातवीतली एक मुलगी महिन्याचे चार-पाच दिवस यायचीच नाही. हजेरीपटावर ते सरळ दिसत होतं, पण कुणी त्या नजरेने पाहिलं नाही. पुढच्या जूनला तिने आठवीला नाव घातलं नाही. फक्त संडास नव्हता म्हणून तिची शाळा सुटली असं मी म्हणणार नाही. आठवीची शाळा साडेचार किलोमीटरवर, घरात धाकटी भावंडं, आई-बाप ऊसतोडीला जाणारे. पण सातवीत जिचं वर्षभर दर महिन्याला चुकलं, तिच्यासाठी भांडायला घरात कुणाकडे काय उरलं? तिची आई मला म्हणाली, “ताई, खोल्या छान झाल्या. आमच्या पोरीला त्यात बसायला मिळालं नाही एवढंच.”

त्या ठरावावर पहिली सही माझी होती.

आता ही मंजुरी म्हणजे नेमकं काय ते आपण समजून घेऊ. कारण ‘मंजूर झालं’ हा एकच शब्द आपल्याला सांगतात आणि त्याच्या पोटात चार-पाच पायऱ्या असतात.

पहिली पायरी मागणीची. समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा तो वर जातो. जुनी खोली पाडायची असेल तर तिचा वेगळा प्रस्ताव लागतो, त्याला निर्लेखन म्हणतात. म्हणजे ही खोली सरकारच्या हिशेबातून कमी केली, असं लिहून घ्यायचं. ते झाल्याशिवाय पडकी भिंतही पाडता येत नाही. निर्लेखन रखडलं की धोकादायक खोली तशीच उभी राहते आणि पोरं तिच्या आसपास खेळत राहतात.

दुसरी पायरी अंदाजपत्रकाची. बांधकामाचे शाखा अभियंता, ज्यांना आपल्याकडे रावसाहेब म्हणतात, ते जागा पाहतात, मोजमाप घेतात, नकाशा आणि दरसूचीप्रमाणे खर्चाचा आकडा काढतात. खोलीचा नमुना नकाशा बहुतेक तयारच असतो. पण ती खोली आवारात कुठे बसवायची, दार कोणत्या दिशेला, पाणी कुठून आणायचं, हे जागेवर ठरतं. बायांनो, आपली वेळ ती ही. रावसाहेब टेप घेऊन आवारात फिरत असतात तो अर्धा तास.

तिसरी पायरी प्रशासकीय मान्यता. याचा अर्थ, हे काम गरजेचं आहे आणि त्यासाठी एवढा पैसा द्यायला आमची हरकत नाही. पैसा जिल्हा नियोजन समितीचा असेल, समग्र शिक्षाचा असेल, नाहीतर जिल्हा परिषदेचा स्वतःचा. चौथी पायरी तांत्रिक मान्यता. याचा अर्थ, नकाशा आणि हिशेब बांधकामाच्या नियमाने बरोबर आहेत. मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेत नोंदी होतात आणि त्यावर ठेकेदाराची बिलं निघतात.

या सगळ्या सह्यांमध्ये ‘पैसा आहे का’ हा प्रश्न आहे, ‘सळई किती’ हा प्रश्न आहे. ‘बारा वर्षांची मुलगी इथे दुपारी जाईल का’ हा प्रश्न कुठल्याच सहीच्या वाट्याला येत नाही. त्यात कुणाचा दुष्टावा असतोच असं नाही. तो प्रश्न विचारायला तिथे कुणी नसतं, इतकंच.

खरं तर तो विचारायची जागा कायद्याने आपल्याला दिली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. कलम 22 प्रमाणे शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा आहे. आणि पुढची ओळ नीट ऐका. सरकार किंवा स्थानिक संस्था शाळेसाठी ज्या योजना आखतील, जे अनुदान देतील, त्याचा आधार हा आराखडा असेल, असं कायदा म्हणतो. म्हणजे आधी आपला आराखडा, मग त्यांचं अंदाजपत्रक. आपल्याकडे होतं उलटं. अंदाजपत्रक वरून येतं आणि समितीची हरकत नाही असं खालून लिहून जातं.

कायद्याच्या परिशिष्टात इमारत कशी हवी तेही आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, अपंग मुलांना अडथळा न होता आत येता येईल अशी वाट, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. हे सगळं तीन वर्षांत, म्हणजे 31 मार्च 2013 पर्यंत व्हायचं होतं. त्याआधी ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पाणी आणि स्वच्छतागृहांसाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली होती. 2014 च्या पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह होईल असं सांगितलं, आणि वर्षानंतर ते झालं असं जाहीरही झालं.

मग काय झालं होतं? सरकारी कंपन्यांनी या मोहिमेत बांधलेल्या स्वच्छतागृहांची तपासणी देशाच्या महालेखापरीक्षकांनी केली. तो अहवाल 2020 साली संसदेपुढे आला. त्यांनी पाहिलेल्या 1,967 मुलामुलींच्या एकत्र शाळांपैकी 535 शाळांत वेगळ्या स्वच्छतागृहाचा हेतू साधलेलाच नव्हता. काही ठिकाणी चालू स्थितीतलं एकही नव्हतं, काही ठिकाणी एकच होतं. आणि तपासलेल्या स्वच्छतागृहांपैकी 72 टक्क्यांमध्ये वाहतं पाणी नव्हतं. भिंती होत्या, दारं होती, पाटी होती. पाणी नव्हतं. म्हणजे ‘एक स्वच्छतागृह’ एवढं मोजलं की काम संपलं असं समजणारी ही सारी व्यवस्था आहे. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, पाण्याशिवाय संडास म्हणजे काय. ती सांगेल, रोजचं एक जास्तीचं काम. आणि ते काम शाळेत कोण करतं? पाण्याची बादली भरून आणायला मुलींनाच पाठवतात.

आता आम्ही पुढे काय केलं ते सांगते. फार मोठं काही केलं नाही.

पहिलं म्हणजे मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं तिकीट लावलं, अंदाजपत्रकाची आणि नकाशाची प्रत मागितली. पानाला दोन रुपये पडले. या कायद्यात नुसती कागदाची प्रत मागता येते असं नाही. चालू कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या मालाचा नमुनाही मागता येतो. हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत आहे.

दुसरं, 2019 साली स्वच्छतागृहाचा नवा प्रस्ताव गेला तेव्हा मी हेडगुरुजींना सांगून ठेवलं, रावसाहेब जागा बघायला येतील त्या दिवशी मला आणि आणखी पाच जणींना निरोप द्या. आम्ही आठ जणी गेलो. सहावी-सातवीच्या चार मुली बरोबर घेतल्या. पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी होत्याच. एकीने घरून फक्कीची पिशवी आणली होती.

रावसाहेबांनी जागा दाखवली ती फाटकाजवळ. का, तर पाण्याची लाइन तिथून जवळ. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. फाटकासमोर पार आहे आणि पारावर दिवसभर माणसं बसलेली असतात. पारावरच्या नजरांतून संडासात कोण जाणार? एक बाई म्हणाली, मग शाळेच्या मागे बांधा. त्यावर सातवीतली एक मुलगी पहिल्यांदा बोलली, “मागं नको. मागच्या भिंतीवरून पोरं उड्या मारतात.” आम्हा आयांना हे माहीतच नव्हतं. शेवटी मुलींनीच जागा दाखवली, शिक्षकांच्या खोलीच्या बाजूला, जिथे हाक मारली तर ऐकू जाईल. आम्ही तिथे फक्कीने आखलं. दार कुठे, आडोशाची भिंत कुठे, नळ आत की बाहेर, खिडकी केवढ्या उंचीवर, कापड किंवा पॅड टाकायला झाकणाची जागा कुठे. चाकाच्या खुर्चीवर येणारी एक मुलगी पहिलीत होती, तिच्यासाठी उतार कुठून.

स्वयंपाक करणाऱ्या दोघींनी तेव्हाच सांगून टाकलं, साहेब, आमच्या शेडला धुराला वाट नाही. तिचाही नकाशा असाच कुणीतरी काढला असणार. चुलीपुढे कोण बसणार ते त्याने पाहिलं नसणार. शेड त्या कामात बसत नव्हती, पण तिची नोंद शाळेच्या विकास आराखड्यात घातली. पुढच्या वर्षी वर जाळीचा झरोका झाला.

रावसाहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “ताई, नमुना मला बदलता येत नाही. पण जागा बदलता येते, तोंड फिरवता येतं, टाकी धरता येते. आजवर मला हे कुणी सांगितलंच नाही.” मी म्हटलं, आजवर तुम्ही कुणाला विचारलं होतं? तो हसला. मीही हसले. कारण मलाही आधी विचारलं होतं आणि मी न बघता सही केली होती.

काम झालं तेव्हा नळ बसवलेले नव्हते. आमच्याकडे अंदाजपत्रकाची प्रत होती. त्यात दोन नळ आणि पाचशे लिटरची टाकी लिहिलेली होती. आम्ही ती प्रत हेडगुरुजींच्या हातात दिली आणि म्हटलं, नळ बसल्याशिवाय ताबा घेतल्याच्या कागदावर सही करू नका. त्यांनी नाही केली. त्यांच्यावर दबाव आला, मार्चअखेर जवळ होती, बिल अडत होतं. अकरा दिवसांनी नळ बसले. या अकरा दिवसांत आमच्यातल्या दोघींना घरी ऐकून घ्यावं लागलं, तुम्हाला काय करायचंय सरकारी कामात. ते मी इथे मुद्दाम सांगते. नकाशा उघडून बघण्याची किंमत बाईला घरात मोजावी लागते, आणि ती मोजायला एकटीला लावू नये. म्हणून तर आपण आठ जणी जायचं.

सगळं सुरळीत झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. ग्रामपंचायतीच्या लाइनला एक दिवसाआड पाणी येतं. उन्हाळ्यात टाकी कोरडी पडते. साफसफाईसाठी नेमलेलं माणूस नाही, आणि मुलींकडून साफ करून घ्यायचं नाही हे आम्ही ठरावात लिहिलं असलं तरी त्यावर पहारा ठेवावा लागतो. इमारतीला मंजुरी मिळते, ती चालवायच्या खर्चाला कुणी विचारत नाही. ही आपली पुढची लढाई आहे.

आणि ही लढाई फक्त आमच्या गावची नाही. 25 जुलै 2025 ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. अशा बातमीनंतर सगळीकडे मोजणीचे आदेश निघतात, खोल्यांचे आकडे गोळा होतात, घाईने मंजुऱ्या मिळतात. घाईच्या मंजुरीत काय वगळलं जातं ते मी तुम्हाला सांगितलं. म्हणून तुमच्या गावात असा आदेश येईल तेव्हा आनंद जरूर करा, पण वही आणि नकाशा एकत्र उघडा.

जाताना चार गोष्टी सांगते, त्या लिहून घ्या. शाळेच्या विकास आराखड्यात संडास, पाणी, स्वयंपाकघर यांचं नुसतं नाव लिहू नका, कुठे आणि कसं तेही लिहा. जागा बघायला रावसाहेब येतील त्या दिवशी मुलींना घेऊन हजर राहा. जुनं काही पाडायचं असेल तर नवं कधी आणि कुठल्या पैशातून, हे ठरावात लिहिल्याशिवाय सही करू नका. आणि अंदाजपत्रकाची प्रत समितीच्या कपाटात ठेवा, ताबा घ्यायच्या दिवशी ती हातात असू द्या.

नकाशा वाचायला शिकायला मला एक दुपार लागली. दार म्हणजे कुठली खूण, खिडकी म्हणजे कुठली, उत्तर कुठे, हे आमच्या गावच्या गवंड्याने मला पारावर बसून शिकवलं. ती दुपार मी 2018 च्या फेब्रुवारीत काढली असती तर एका मुलीचं एक वर्ष वाचलं असतं. ती मुलगी आता एकवीस-बावीस वर्षांची आहे, तिला एक लेक आहे. ती लेक तीन-चार वर्षांत आमच्याच शाळेत येईल. तोवर टाकीत रोज पाणी यावं, यासाठी या ग्रामसभेत आमचा ठराव आहे. तुम्हीही आपापल्या गावी मांडा.